दोर आमचा, जीवही आमचा

आपल्या शिबिरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. बापजाद्यांची जातीची कामं ही गुलामीची निशाणी, ती टाकून द्या, जाळून टाका. बरोबर आहे. गावकीची कामं टाकलीच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण मित्रांनो, दोर जाळायच्या आधी त्यातली गाठ तेवढी सोडवून घ्या. हे सांगायलाच मी लिहायला बसलोय. कारण त्या गाठीवर मी आज चाळीस फुटांवर लटकतो, आणि संध्याकाळी घरी जाऊन भाकरी खातो.

मी मांगाचा. शहरात झाडं छाटतो. एप्रिल-मे आमची सुगी. पावसाळ्याच्या आधी फांद्या उतरवायची कंत्राटं निघतात. रस्त्याकडेचा गुलमोहर, वड, पर्जन्यवृक्ष, सोसायट्यांतले नारळ. कंत्राटाच्या कागदात झाडाची जात असते, घेर असतो, फोटो असतो. झाड तोडायला परवानगी लागते, त्याला १९७५ सालापासून कायदा आहे. चांगलाच कायदा आहे. मात्र मी पाहिलेल्या एकाही कागदावर चढणाऱ्याचं नाव नव्हतं.

माझा आज्जा दोर वळायचा. बांधावरचं केकताड कापून आणायचं, वढ्याच्या पाण्यात दगडाखाली दाबून कुजवायचं. त्याची घाण अशी, की गाव नाकाला धोतर लावून जायचं. मग बडवायचं, धुवायचं, वाळवायचं. हातात येणारा पांढरा वाख म्हणजे आमची चांदी. वाखाला एकीकडं पीळ द्यायचा आणि पदर एकत्र करताना उलटीकडं. दोन्ही पीळ एकमेकांना सुटू देत नाहीत, म्हणून दोर धरतो. हे शास्त्र आज्जाला कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं. शाळेनं त्याला दारातच बसवलं असतं.

त्या दोरांची नावं ऐका. कासरा, दावं, वेसण, मुसकं, शिंकं, चऱ्हाट, मोटेचा नाडा. पोळ्याला गावातल्या बैलाच्या अंगावर नवा कासरा यायचा तो आमच्या हातचा. नाडा विहिरीत उतरायचा, मोट भरून वर यायची. नाडा वळणाऱ्यानं मात्र त्या विहिरीच्या काठाला हात लावायचा नाही. दोर आमचा, पाणी त्यांचं. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याचा अर्थ माझ्या घरात पुस्तक न वाचता कळतो.

आणखी एक दोर होता. जुन्या राजवटीत माणसाला फाशी द्यायचं कामही मांगाच्याच माथी मारलेलं. म्हणजे बघा, आम्ही इतके दोर वळले, सगळे जनावरासाठी, धान्यासाठी, पाण्यासाठी. माणसाच्या अंगाला लागणारा दोर एकच, तो गळ्याभोवतीचा. माणसाला जगवणारा दोर ह्या गावगाड्यानं आमच्याकडनं कधी मागितलाच नाही.

तो मी शहरात येऊन शिकलो. आज्जाच्या अर्ध्या गाठी घेतल्या, अर्ध्या जगाच्या घेतल्या. मला आवडणाऱ्या चार सांगतो.

पहिली खुंटाची गाठ. बैल बांधताना खुंटाला दोन वेढे घालायचे, दुसरा वेढा पहिल्यावरून तिरका नेऊन टोक त्याच्याच खाली सारायचं. इंग्रजी पुस्तकात तिला क्लोव्ह हिच म्हणतात. बांधायला क्षणभर लागतो. पण ओझं हलायला-फिरायला लागलं की ती सरकते. म्हणून मागं दोन अर्ध्या गाठी मारल्याशिवाय तिच्यावर भरवसा नाही.

दुसरी बोलाइन. ही खलाशांची. दोराच्या टोकाला फासा तयार होतो, पण तो आवळत नाही. आज्जा म्हणायचा, "पोरा, वढल्यावर आवळतो तो फास. वढल्यावर जागच्या जागी ऱ्हाती ती गाठ." बोलाइन अशी गाठ आहे. कितीही वजन पडू दे, नंतर बोटानं सुटते. तिची खोड एवढीच, की वजन नसताना ताठ दोरात ती ढिली पडते. म्हणून शेपूट वीतभर लांब ठेवायचं आणि त्याची वेगळी गाठ मारून टाकायची.

तिसरी प्रुसिक. कार्ल प्रुसिक हा ऑस्ट्रियातला गिर्यारोहक, त्यानं १९३१ साली ही जगापुढं आणली. जाड दोरावर बारीक दोरीच्या कड्याचे तीन वेढे, कडं त्याच्यातूनच ओवून बाहेर. वजन नसलं की हातानं वर-खाली सरकते, वजन पडलं की गच्च धरते. मुख्य दोर वरच्या जाड फांदीवरून टाकायचा, एक टोक बोलाइननं आपल्या पट्ट्याला बांधायचं आणि दुसऱ्या पदरावर प्रुसिक घालून तीही पट्ट्याला अडकवायची. हात सुटला तरी ती आपल्याला सोडत नाही. मात्र तिच्यावरनं झपकन घसरत खाली येऊ नका. नायलॉन घर्षणानं वितळतं. आणि दोराच्या शेवटाला एक मोठी गाठ हवीच, नाहीतर दोर संपतो तिथं माणूस संपतो.

चौथी फांदी उतरवायची. कापलेल्या फांदीला दोर वेढून टोक त्याच दोराभोवती तीन-चारदा पिळायचं आणि पुढं एक अर्धी गाठ घालायची. ओढ बसेल तसा दोर फांदीला चावतो. खाली उभा असलेला गडी दोर नुसता हातात धरत नाही, तो खोडाला वेढे घालून धरतो. खरबरीत खोडाला एकेक वेढा वाढला की त्याच्या हातातला जोर चार-पाच पटीनं वाढल्यासारखा होतो. दोन वेढ्यांत एक किडकिडीत पोरगा क्विंटलभर फांदी हळूहळू उतरवतो. पण दोरात ढील नको. फूटभर ढील राहिली आणि फांदी तेवढीच पडून थांबली, तरी जो हिसका बसतो तो तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. आणि जिथं गाठ तिथं दोर कमजोर, हेही पक्कं ध्यानात ठेवायचं. काही गाठींपाशी त्याची ताकद निम्म्यावर येते.

आता तुम्ही म्हणाल, हे कसलं तांत्रिक पुराण लावलंस. थांबा.

२०२२ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. एका रस्त्यावर आम्ही सहा जण होतो. त्यात एक एकोणीस वर्षांचं पोरगं, आमच्याच वस्तीतलं. पट्टा एकच, दोर एकच, आणि तो माझ्या अंगावर. मुकादम पोराला म्हणाला, "मांगाचा ना तू? मग दोर कशाला पायजे? माकडावाणी चढशील." पोरगं हसलं आणि चढायला लागलं. त्याला तो अपमान वाटलाच नाही, शाबासकी वाटली. भावांनो, जात अशी काम करते. तुमचं कौशल्य तुमच्या रक्तात आहे म्हणते, म्हणजे मग त्याचे पैसे द्यायला नकोत, पट्टा द्यायला नको, आणि पडलात तर तुमच्याच रक्ताचा दोष.

मी वरनं ओरडलो, "खाली ये. येतोस का न्हाई?" तो उतरला. मीही उतरलो. आम्ही सहाही जण झाडाखाली बसलो. मुकादम म्हणाला, "दोन-दोन पट्टे कंत्राटदाराला परवडत न्हाईत." मी म्हणालो, "मग हे झाडबी परवडत न्हाई त्याला." दुपारपर्यंत बसलो. वर अर्धी कापलेली फांदी तशीच, खाली गाड्यांचा खोळंबा, लोकांच्या शिव्या. तीन वाजता दुसरा पट्टा आला, दोर आला. अर्ध्या रोजाचे पैसे कापले त्यांनी. कापू दे. त्या दिवसापासून आमच्या टोळीत बिनदोराचा माणूस झाडावर चढत नाही. दुसऱ्या टोळ्याही आता विचारायला लागल्यात.

हे गाठ येत होती म्हणून झालं. दोराशिवाय चढू नये एवढं कुणालाही सांगता येतं. पण कुठला दोर, किती जाड, कुठं बांधायचा, कुठली गाठ चालणार नाही, हे मुकादमाच्या तोंडावर सांगता आलं की त्याची बोलती बंद होते. कामगाराचं ज्ञान हाच त्याचा पहिला संप.

क्लिफर्ड ॲशली नावाच्या अमेरिकन माणसानं १९४४ साली गाठींचं जाडजूड पुस्तक छापलं. त्यात ३८०० च्या वर नोंदी आहेत. खलाशी, खाटीक, असल्या कष्टकऱ्यांच्या हातच्या गाठी त्यानं चित्रं काढून, नंबर टाकून मांडल्या. माझ्या आज्जाच्या हातच्या गाठींना कुणी नंबर दिले? मोट गेली, पंप आले. बाजारात नायलॉनचा कासरा आला. आज्जाचा दोर कुजून गेला आणि गाठी त्याच्या बोटांबरोबर सरणावर गेल्या. कनिष्ठ गाव वतनं मोडायचा कायदा १९५८ साली झाला. वतन मेलं त्याचं सुतक मला नाही. मेलं ते बेस झालं. पण वतनाबरोबर आमची अक्कलही मेली असं समजणारे जे आहेत, त्यांच्याशी माझं भांडण आहे. कामाची वाटणी वेगळी आणि माणसांची वाटणी वेगळी, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं. आपण माणसांची वाटणी मोडायची आहे. हातातली कला मोडायची नाही.

शेवटी एक, आणि हे कान देऊन ऐका. गटारात उतरणाऱ्या आपल्या भावाच्या कमरेला दोर बांधलेला तुम्ही पाहिला असेल. नुसत्या कमरेच्या दोरावर बेशुद्ध माणूस वर ओढला तर तो मधोमध दुमडतो, श्वास घुसमटतो, आणि खालच्या वायूनं तर तो आधीच गेलेला असतो. तिथं माझी कुठलीही गाठ उपयोगाची नाही. बिगर साधनाचं माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तिथं गाठ शिकवायची नाही, दोर कापायचा. माणूस खाली सोडायचाच नाही.

कुठं गाठ मारायची आणि कुठं दोर तोडायचा, हे ज्याला कळलं तो कार्यकर्ता. आपल्या वस्तीत झाडावर, बांधकामाच्या परांचीवर, टॉवरवर चढणारी पोरं आहेत. त्यांच्याकडं जाताना पत्रकं न्याच, पण दहा हात दोरही न्या. बोलाइन पाच मिनिटांत शिकवता येते. ती डोळे मिटून मारता येईस्तोवर त्यांना सोडू नका.

जयभीम.