धुऱ्यावरचं लहान पाकीट

बीटी कपाशीच्या पाकिटासोबत एक लहान पाकीट यायचं. मोठ्यात 450 ग्रॅम बीटी सरकी, लहानात 120 ग्रॅम साधी. मृगाचा पाऊस झाला की बाबा मोठं पाकीट फोडायचे, लहान धुऱ्यावर ठेवायचे आणि ते तिथंच राहायचं. ‘अळी खाणार, ते कशाला पेरायचं?’ या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर होतं. ती साधी पऱ्हाटी अळीसाठीच होती. बीटी कपाशीच्या झाडातच असलेलं विष पचवून एखादी अळी वाचतेच. तिच्या पतंगाला तसाच दुसरा भेटला, तर पुढची पिढीही विषाला दाद देत नाही. शेजारी साध्या झाडांवर वाढलेले पतंग भरपूर असले, तर जोडी बहुधा त्यांच्याशी जमते आणि त्यांची पिलावळ बीटीवर मरते. म्हणून वावराभोवती किमान पाच ओळी साध्या कपाशीच्या लावायच्या होत्या.

2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली, त्याआधी शेतांवर चाचण्या झाल्या होत्या. चाचणीत झाडागणिक अळ्या मोजतात, बोंडं फोडून कप्पे तपासतात, कापूस तोलतात. या मेहनतीबद्दल मला आदर आहे, आणि सुरुवातीची काही वर्षं आमच्या बोंडअळीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. पण चाचणीच्या वावरात प्रत्येक ओळ ठरल्याप्रमाणे पेरली जाते. तिथं कुणी पाकीट धुऱ्यावर ठेवत नाही, चार पैसे जास्त मिळावेत म्हणून वेचणी संपल्यावरही पीक उभं ठेवून मार्चपर्यंत फरदड राखत नाही. गुलाबी बोंडअळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते; फरदड म्हणजे तिला आणखी काही महिने घरचं जेवण.

ही अळी बीटीला दाद देत नसल्याची पहिली वार्ता 2010 मध्ये गुजरातेतून आली. आमच्याकडे 2017 उजाडलं. आधी डोमकळ्या दिसल्या, पाकळ्या आत गुंडाळून गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं. मग बाबांनी एक बोंड तोडलं. वरून हिरवं, टणक, कुठं डाग नाही. अंगठ्यानं दाबून फोडलं तर आत पिवळट, चिकटलेली रुई, एकमेकींना जोडलेल्या दोन सरक्या आणि त्यांच्यात गुलाबी अळी. त्यांनी दुसरं फोडलं. तिसरं फोडलं. मग ते ओळीतच खाली बसले.

उलट ॲरिझोनात साध्या कपाशीच्या ओळी राखल्या गेल्या, पुढे वांझ पतंग सोडले गेले, आणि 2018 मध्ये अमेरिकेनं ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तरीही बाबांना दोष देणं मला जमत नाही. चार एकरांच्या धन्याला अळीचा वाटा काढायला सांगताना शेजारी बसून कारण सांगायला हवं होतं. अलीकडे साधी सरकी बीटीतच मिसळून येते, वेगळी काढताच येत नाही. हे शहाणपण पहिल्याच वर्षी का सुचलं नाही?

आता बाबा कामगंध सापळ्यातले पतंग मोजतात. सलग तीन रात्री आठ-आठ सापडले की फवारणी. मागे एका शिवारफेरीत एक साहेब नव्या वाणाच्या चाचणीची माहिती सांगत होते. बाबांनी हात वर करून विचारलं, ‘साहेब, फरदड ठेवून पाहिली का?’