कारंजाचे मुके स्थानक

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे नाव जैन घरांत घेतले जाते ते तेथील मंदिरांमुळे आणि ग्रंथभांडारांमुळे. त्याच गावचे रेल्वे स्थानक मात्र आज मुके आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ या ११३ किलोमीटरच्या मार्गावर धावणारी ‘शकुंतला’ आता येथे येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग घातला गेला तो वऱ्हाडच्या कापसासाठी. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. मूर्तिजापूरला माल उतरवून मुख्य मार्गाच्या रुंद डब्यांत पुन्हा भरावा लागे. तेथून तो मुंबई बंदराकडे आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. मँचेस्टरमध्येच १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत राबले. मालमोटारी थेट जिनिंगच्या दारी येऊ लागल्यावर ही दुहेरी चढउतार व्यापाऱ्याला परवडेना. त्यातच मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा आणि गाडी सरकारी रेल्वेची. अशा दुहेरी कारभारात दुरुस्ती रेंगाळली आणि अखेर गाडी थांबली.

ज्या गावातून कापूस बाहेर गेला, त्याच गावाने दुसरे एक धन जपून ठेवले. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांच्या मंदिरांत हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचे मोल ओळखले. १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेतून महाकवी पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले आणि दहाव्या शतकातील अपभ्रंश काव्य विद्वानांच्या हाती आले. १९१८ साली येथेच महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला.

कापसाच्या त्या व्यवहाराची खूण आज या थांबलेल्या मार्गावर उरली आहे. पोथ्या मात्र अजून वाचल्या जातात. पोथीला कसर लागू नये म्हणून कोणीतरी दरवर्षी ती उन्हे दाखवून पुन्हा वेष्टनात बांधते, तेव्हाच ती टिकते. स्थानकाच्या वाट्याला अशी निगा आली नाही. या मार्गाच्या रुंदीकरणाची मागणी जुनी आहे. ती पुरी होईल तेव्हा नव्या रुळांबरोबर जुन्या स्थानकाचीही आठवण राहावी. ज्या व्यापाऱ्यांच्या गाठी येथून गेल्या, त्यांच्या वंशजांनी निदान घरातल्या जुन्या वह्या, बिले आणि मालाच्या पावत्या रद्दीत घालू नयेत. या स्थानकाचा इतिहास लिहायचा झाला, तर तो त्यांतूनच लिहिला जाईल.