स्विचला पत्ता कशाला?

आपल्या समाजात देणाऱ्यांची कमी नाही. मशिदीबाहेर वॉटर कूलर, वाचनालयाला कपाटं, शाळेला कॉम्प्युटर. देणारा सदका-ए-जारियाच्या नियतीने देतो. पण जारिया म्हणजे वाहतं राहणारं. फिल्टर कोणी बदलायचा हे ठरलेलं नसतं, म्हणून कूलर कोरडा पडतो आणि वर देणाऱ्याच्या नावाची पाटी तेवढी चमकत राहते.

मोहल्ल्यातल्या शाळेला कॉम्प्युटर लॅब मिळाली, तेव्हा हेच माझ्या डोक्यात होतं. वीस कॉम्प्युटर, एक राउटर आणि सगळ्यांना जोडणारा चोवीस पोर्टचा मॅनेज्ड स्विच. मी नेटवर्कचं काम करतो, म्हणून जोडणी माझ्याकडे आली. इंटरनेट सुरू झालं तरी मी लॅपटॉप उघडून बसलेलो पाहून कमिटीतले एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, चालू तर झालं. आता काय राहिलं?"

"चाचा, स्विचला पत्ता द्यायचा राहिलाय."

त्यांचा प्रश्न रास्त होता. स्विचला त्याच्या कामासाठी आयपी अ‍ॅड्रेस लागत नाही. कोणत्या पोर्टवर कोणतं यंत्र आहे, हे तो मॅक अ‍ॅड्रेसवरून शिकतो आणि ज्याचं त्याला पोचवतो. आयपी अ‍ॅड्रेस लागतो तो आपल्याला, त्याची विचारपूस करायला. कोणता पोर्ट बंद पडला, कोणत्या केबलवर एरर वाढताहेत, हे मग लॅबमधल्या खुर्चीवर बसून कळतं. पत्ता नसेल तर दर वेळी शिडी लावा आणि कन्सोल केबल जोडा.

पहिल्यांदा मात्र कन्सोल केबल लागतेच. हा पत्ता एखाद्या पोर्टला नाही, तर व्हीलॅनच्या इंटरफेसला द्यायचा असतो. मी १९२.१६८.१०.२ दिला, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि डिफॉल्ट गेटवे म्हणून राउटरचा १९२.१६८.१०.१. राउटर कॉम्प्युटरना आपोआप पत्ते वाटतो ते १०० पासून पुढचे, म्हणजे एकच पत्ता दोघांना जायची भीती नाही. टेलनेट बंद करून एसएसएच सुरू केलं, कारण टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो. शेवटी कॉन्फिगरेशन सेव्ह केलं. तेवढं राहिलं असतं, तर लाईट गेल्याबरोबर सगळं पुसलं गेलं असतं.

हे काम फार तर अर्ध्या तासाचं. खरं काम त्यानंतरचं. पत्ता फक्त माझ्याच डोक्यात राहिला, तर तो असून नसल्यासारखा. उद्या माझी नोकरी दुसऱ्या शहरात गेली, तर शाळेने कोणाकडे पाहायचं? म्हणून स्टॉक रजिस्टरमध्ये स्विचच्या नोंदीपुढे पत्ता लिहिला. पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडमना आत जाऊन पोर्टची स्थिती कशी पाहायची ते दाखवलं, आणि त्यांनी माझ्यासमोर दोनदा करून पाहिलं.

मिळालेली वस्तू अमानत असते, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. अमानत सांभाळणारा कोण, हे मात्र कुठे लिहिलेलं सापडत नाही. कमिटीच्या पुढच्या बैठकीत माझी एकच मागणी आहे: रजिस्टरमध्ये देणाऱ्याच्या नावाशेजारी एक रकाना वाढवा आणि त्यात सांभाळणाऱ्याचं नाव लिहा.