पाणसळीतली गाडी

भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी मला जेवण गोड लागत नाही. हा दोष आनुवंशिक आहे. माझे वडील साताऱ्याला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि त्यांची शिसवी लाकडाची पाणसळ आमच्या घरी देवघरातल्या शंखाइतक्याच आदराने हाताळली जाई. मी अमेरिकेत, ओहायोत, येऊन स्थायिक झालो. वडील गेले, घर विकले. त्या घरातून मी उचलून आणली ती ही एकच वस्तू. तीच पुढे आमच्या गाडीला बाधली.

गाडी म्हणजे १९९७ सालचा पिकअप ट्रक. पुढे बसायची जागा, मागे उघडा हौदा. मराठी मंडळाच्या गणपतीचे मखर आणि सौभाग्यवतींच्या बागेची माती वाहण्यासाठी मी ती जुनी घेतली. एके दिवशी चिरंजीव म्हणाले, “बाबा, आपली गाडी नाक खाली घालून उभी असते. पाण्यावर आलेल्या म्हशीसारखी!”

झाले! मी पट्टी घेऊन अंगणात उतरलो. मागचे मडगार्ड जमिनीपासून ३८ इंच, पुढचे उजवे ३५ आणि डावे त्याहूनही अर्धा इंच खाली. हौद्याच्या कडेवर पाणसळ ठेवली, तर बुडबुडा मागच्या बाजूला पळाला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

या गाडीला मागे आपल्या एस्टीसारखे पाटे आहेत. पुढे मात्र दोन्ही बाजूंना पोलादाचा एकेक लांब दांडा असतो. त्याला टॉर्शन बार म्हणतात. दांड्याचे एक टोक चाकाच्या आर्मला, दुसरे गाडीच्या सांगाड्याला. दांडा पिळला जातो आणि त्या पिळाच्या जोरावर गाडीचे नाक तोलून धरतो. सांगाड्याच्या टोकाशी एक बोल्ट असतो. तो आवळला, की नाक वर. इतके सोपे दिसणारे काम घरच्या माणसाने करू नये, हे मला आता कळते.

ओहायोत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे बोल्ट गंजून गेले होते. दोन दिवस त्यांना तेल पाजले. मग जॅक लावून दांड्यांवरचा भार काढला आणि बापलेकांनी पाने घेऊन बोल्ट आवळले; डावा जरा जास्त. संध्याकाळी बुडबुडा मधोमध उभा राहिला. मी मनातल्या मनात वडिलांना नमस्कार केला.

पुढे खड्डा आला, की पुढून ‘धाड’ असा आवाज येऊ लागला. पुढच्या टायरांची एकेक कड झिजू लागली. मी लक्ष दिले नाही. बुडबुडा मध्ये होता ना!

ऑगस्टमध्ये चिरंजीवांना क्लीव्हलंडला नोकरी लागली. पलंग, पुस्तके, कपडे धुण्याचे यंत्र आणि आईने दिलेला चकलीचा सोऱ्या असा संसार हौद्यात भरून आम्ही निघालो. सुकाणू हलके लागत होते. दिवेलागण झाली आणि समोरून येणाऱ्या गाड्या आमच्यावर दिवे मिचकावू लागल्या. “काय अवलक्षणी माणसे!” असे मी म्हणतो न म्हणतो, तोच समोरची एक गाडी लडबडली आणि रस्ता सोडून गवतात जाऊन थांबली.

आम्ही धावलो. आत एक बाई होती आणि मागच्या सीटवर तिचे लहान मूल. दोघांना खरचटलेसुद्धा नव्हते. ती रागावली नाही. उलट तिनेच विचारले, “तुम्ही ठीक आहात ना?” मी मागे वळून पाहिले. ओझ्याने आमच्या गाडीची शेपूट बसली होती, नाक आभाळाकडे गेले होते आणि दोन्ही दिवे समोरच्या माणसाच्या नेमके डोळ्यांत शिरत होते. चिरंजीव माझ्याशी बराच वेळ बोलले नाहीत.

ती रात्र जवळच्याच मोटेलात काढली. सकाळी तिथल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडीखाली डोकावून विचारले, “रिकामी असताना मोजलीत ना? ही भरल्यावर सपाट व्हावी म्हणून अशी केलेली असते.” बोल्ट आवळल्याने दांडा काही ताकदवान होत नाही, हे त्याने समजावले, नाक उचलते, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही, म्हणून ती ‘धाड’. चाकांची दिशाही बिघडते, म्हणून टायर झिजतात. “आणि हे डाव्या बाजूचे? अंगणात मोजलेत? अंगणाला पाणी जायला उतार असेल!”

ओव्हरसियरच्या मुलाने आधी जमीन पाहिली नव्हती.

त्याने आपल्या सपाट फरशीवर चारी चाकांत योग्य हवा भरली, बोल्ट सैल केले, चाकांची दिशा आणि दिवे नीट लावले. दोन बाजूंत पाव इंचाचा फरक उरला. “या वयात तेवढा कुणालाही असतो,” तो म्हणाला. चिरंजीवांच्या खोलीत तसबिरी लावायला आणलेली पाणसळ मी हौद्याच्या कडेवर ठेवली. भरलेल्या गाडीवर बुडबुडा मधोमध होता.

तेव्हा मला आठ-नऊ वर्षांचा मी आठवलो. साताऱ्याला एका स्लॅबच्या फळ्यांवर हीच पाणसळ ठेवून मी ओरडलो होतो, “दादा, गवंडी चुकला! मध्ये वर आहे!” दादा हसून म्हणाले होते, “अरे, अजून वजन कुठे पडलंय त्याच्यावर?”

येताना हौदा रिकामा होता. गाडी आता पुन्हा नाक खाली घालून अंगणात उभी असते. दिवाळीला चिरंजीव येणार आहेत. पुन्हा म्हैस म्हणाले तर म्हणोत. पाणसळ मी कपाटात ठेवून दिली आहे.