आजोबांचा काचगोळा

माझ्याकडे आज काचेची १९ पेपरवेट आहेत. त्यातलं पहिलं निपाणीचं.

आजोबा तिथल्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. गादीसमोर बैठं मेज, डोक्यावर पंखा आणि पुढ्यात शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या. त्या उडू नयेत म्हणून हा जड काचगोळा. आत ओळीने बसलेले बुडबुडे. "आजोबा, हवा आत कशी गेली?" मी विचारायची. ते हसून म्हणायचे, "तंबाखूची शिंक आहे ती, अडकली आत!"

खरं उत्तर मोठेपणी कळलं. वितळलेल्या काचेचा गोळा टोकदार खिळ्यांच्या साच्यावर दाबतात. पडलेल्या खळग्यांवर काचेचा दुसरा थर चढवला की हवा कोंडली जाते आणि तिचे मोती होतात.

मग मला नादच लागला. बेळगावात खडेबाजारापासून जुन्या सामानाच्या दुकानांपर्यंत फिरले. कुणी फिरोजाबादहून आणून दिलं. काहींच्या पोटात रंगीत फुलं असतात. रंगीत काचेच्या कांड्यांच्या चकत्या कापून ती मांडतात. इटालियन भाषेत त्याला 'मिलेफिओरी' म्हणतात, म्हणजे हजार फुलं. फ्रान्समधल्या बाकारा, सँ-लुई आणि क्लिशी या कारखान्यांची १८४५ नंतरच्या काही वर्षांतली पेपरवेट आजही संग्राहक शोधत असतात.

आजोबा गेल्यावर त्यांचा गोळा मी टिळकवाडीतल्या घरी खिडकीत मांडला. खाली त्यांच्या हातची शेवटची पट्टी. थंडीतल्या एका सकाळी जळका वास आला. कोवळं ऊन गोळ्यातून एका ठिपक्यात एकवटलं होतं आणि नेमकी आजोबांची सही करपली होती. मी रडले. पट्टी मी जपायला म्हणून ठेवली होती आणि माझ्याच हौसेने ती जाळली.

आई म्हणाली, "अगं, त्यानं जन्मभर काम केलं. तू त्याला शोभेला बसवलंस. त्याला काम दे की!"

आता बाकीची १८ उन्हापासून लांब, काचेच्या कपाटात आहेत. तुमच्याकडे असं एखादं असेल, तर खिडकीत ठेवू नका. आजोबांचा गोळा मात्र लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर असतो, पंख्याखाली. परवा तिने विचारलं, "आई, हवा आत कशी गेली गं?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. तरी आधी शिंकेचंच सांगितलं.