अर्धा ओहम

व्होल्टांना अँपिअरांनी भागले की ओहम आणि गुणले की वॅट, एवढे शहाणपण गाठीला बांधून मी १९६८ सालच्या दिवाळीला सांगलीहून साताऱ्याला आत्याकडे गेलो. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात सहा महिने आम्ही दोन मापकांवरचे आकडे वाचून हेच गणित करीत आलो होतो. गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलेला नियम मला मात्र माझ्या घरचाच वाटू लागला होता!

त्या वर्षी आतोबांनी विजेची शेगडी आणली होती. कोयनेवर १९६२ पासून वीज होऊ लागलेली. आपल्या जिल्ह्याच्या विजेवर आपल्या चकल्या तळायच्या, हा त्यांचा अभिमान. शेगडी १५०० वॅटची. त्याच फळीवरच्या दुसऱ्या प्लगवर आतेबहिणीने ७५० वॅटची इस्त्री लावली आणि थोड्याच वेळात माजघरात अंधार झाला.

आतोबांनी फ्यूज काढला, तांब्याची जाड तार दुहेरी पिळून त्यात बसवली आणि म्हणाले, “आता बघू कसा जातो!”

मी मनात हिशेब केला. २३० व्होल्टांवर शेगडीला साडेसहा अँपिअर, इस्त्रीला सव्वातीन. एकूण पावणेदहाच्या आसपास. फ्यूजची जागा पाच अँपिअरची. शेगडीचा रोधही मला तोंडपाठ सांगता आला असता, सुमारे ३५ ओहम. पण सणासुदीला आतोबांना शिकवायचे कसे? मी चकली तोंडात टाकली आणि गप्प बसलो.

अर्ध्या तासाने आत्या ताट घ्यायला वळली. तिचा हात त्या लाकडी फळीला लागला.

“अरे, ही फळी तापलीय की! शेगडी तर इकडं आहे.”

आतोबांनी मेन बंद करून फळी उघडली. आत एक स्क्रू सैल झाला होता. तारेवरचे वेष्टण काळे पडून चुरा होऊ लागले होते.

मग मी कागद घेतला. सैल जोडाचा रोध समजा अर्धा ओहम. त्यातून ९.८ अँपिअर गेले, तर तेथे जेमतेम ४.९ व्होल्ट खर्च होतात. एवढ्याने ना दिवा मंद होतो, ना शेगडी. पण ४.९ गुणिले ९.८ म्हणजे ४८ वॅट! कोरड्या सागवानाच्या पाठीशी लपून बसलेली एक छोटी शेगडीच. शिवाय तापल्याने जोड अधिक बिघडतो, रोध वाढतो आणि ऊनही वाढते.

आतोबांनी कागद पाहिला आणि विचारले, “हे तुला मघाशी ठाऊक होतं?”

“सगळं नाही. पण तार जाड आहे, एवढं ठाऊक होतं.”

ते रागावले नाहीत. त्यांनी स्क्रू आवळला, जळका तुकडा कापला, पाच अँपिअरची बारीक तार बसवली. उरलेल्या चकल्या आत्याने चुलीवर तळल्या. माझ्या पानात तिने दोन जास्त वाढल्या, तेव्हा मला मान वर करवेना.

आज माझ्या घरी फ्यूजऐवजी आपोआप पडणारी बटणे आहेत. पण सैल जोड त्यांनाही दिसत नाही. प्रवाह बेताचा असला तर ती निमूट राहतात. म्हणून आकाशकंदील लावला की मी प्रत्येक प्लगच्या झाकणाला हाताची पालथी बाजू लावून पाहतो. गणित मी सांगलीत शिकलो. ही सवय मात्र आत्याची.