ऐन फुलातला हिसॉप

जुलैत, भुंगे बसलेले असताना, हिसॉप जमिनीपासून चार बोटांवर कुणी छाटतं का? आमच्याकडे छाटतात, आणि वर त्याचे पैसेही आपल्याकडूनच घेतात.

आम्ही बेसिंगस्टोकच्या कडेला एका नव्या वसाहतीत राहतो. इंग्लंडमधल्या अशा बऱ्याच वसाहतींतली सामायिक हिरवळ कौन्सिल ताब्यात घेत नाही. ती एका खासगी कंपनीकडे असते आणि घरमालक दर वर्षी वर्गणी भरतात. आमच्या दारासमोरच्या वाफ्यातली कंपनीची झुडपं वाळून गेली, तेव्हा ईमेलवर रीतसर परवानगी काढून मी तिथे हिसॉप लावला. वाफा दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे दिवसभर ऊन आणि खाली चुनखडीची, पाणी न धरणारी जमीन. भूमध्य समुद्राकडच्या या झुडपाला आणखी काय हवं? खत नको, एकदा रुजल्यावर फारसं पाणीही नको. कुळ तुळशीचंच, त्यामुळे पान चुरगळलं की पुदिना आणि कापूर एकत्र कुटल्यासारखा वास येतो. उन्हाळ्याच्या मध्यावर दांड्यांना एकाच अंगाला निळीजांभळी फुलं लागतात आणि मग त्या वाफ्याशेजारून जाताना गुणगुण ऐकू येते.

त्या सकाळी गुणगुण नव्हती, यंत्राची घरघर होती. मी बाहेर धावले तोवर अर्धी रांग आडवी झाली होती. कानावर टोप्या चढवलेला तो मुलगा बिचारा सभ्य होता. त्याने यंत्र बंद केलं आणि फोनवरचं कामाचं पत्रक दाखवलं. ‘यात लव्हेंडर ठेवायचा आहे. बाकी सगळं साफ.’ मी म्हटलं, ‘अरे, भुंगे बघ ना!’ त्याने पाहिलंही. आडव्या पडलेल्या दांड्यांवर ते अजून फुलं चाचपत होते. ‘सॉरी,’ म्हणाला आणि उरलेली अर्धी रांग कापली. दोन घरं सोडून असलेल्या लव्हेंडरला धक्काही लागला नाही. हे मला आजही पचलेलं नाही. दोन्ही एकाच कुळातली, दोघांची फुलं जांभळी, दोघांवर तेच भुंगे. पण एक कंपनीच्या लागवडीच्या नकाशात आहे म्हणून बाग, दुसरं नाही म्हणून तण!

मी परवानगीचा ईमेल जोडून तक्रार केली. उत्तर आलं, ती परवानगी देणारी व्यक्ती आता आमच्याकडे काम करत नाही. म्हणजे माणूस गेला की त्याचा शब्दही गेला? पुढच्या पत्रात ‘वसाहतीचं एकसारखं रूप’ असा शब्दप्रयोग होता. या कंपनीच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर फुलावर बसलेल्या मधमाशीचा फोटो आहे, हे मी त्यांना कळवलं. त्यावर उत्तर नाही.

कुणी लावणार असेल तर सांगते, हिसॉप वसंतात छाटावा, नवे कोंब दिसू लागले की. आणि आधी नकाशात नाव घालून घ्यावं.

आता हे लिहायला जिवावर येतंय, पण ऑगस्टअखेर त्या खुंटांना दाट पालवी आली. सप्टेंबरात, शेजारचा लव्हेंडर कधीच सुकून गेलेला असताना, हिसॉप पुन्हा फुलला. हिवाळ्याआधी अंगात चरबी साठवणाऱ्या भुंग्यांच्या नव्या राण्यांना तेव्हाच मधाची गरज असते. इथले माळी काही फुलझाडं मेअखेरीस मुद्दाम अर्धी छाटून बहर लांबवतात, त्याला ‘चेल्सी चॉप’ म्हणतात. यंदा मीही निम्मी रांग छाटणार आहे. हे हसून म्हणाले, ‘मग तक्रार मागे घे.’

मुळीच घेणार नाही. मी छाटणार आहे ती निम्मी, आणि फुलं यायच्या आधी. शिवाय यंदाचं बिल आलंय, त्यात वर्गणी वाढवून ‘जैवविविधता’ असा एक नवा रकाना घातलाय.